आजीच्या शपथेचा राजा

सातारच्या गादीवर बसण्याआधी रामराजांना आजीबरोबर जेवून दाखवावे लागले. ही अट नागपूरकर रघूजी भोसल्यांची होती. ताराबाईंनी भाऊबंदांसमक्ष ताटातल्या अन्नाची शपथ घ्यायची, हा माझा सख्खा नातू आहे असे सांगायचे आणि मग तेच अन्न त्याच्याबरोबर खायचे. सोयरीक आणि पंगत या दोन गोष्टींत खोटेपणा करायला त्या काळचा माणूस सहसा धजत नसे, म्हणून रघूजींनी कागद मागितला नाही, घास मागितला. ताराबाईंनी शपथ घेतली, घास खाल्ला, आणि ४ जानेवारी १७५० रोजी रामराजे छत्रपती झाले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, चंपाषष्ठीच्या सणाला, याच आजीने नातवाला अजिंक्यताऱ्यावर जेवायला बोलावले आणि तिथेच कैद केले. पुढे तिने जाहीर केले की हा माझा नातू नव्हेच, हा गोंधळ्याचा पोर आहे.

मोकळेपणाने राज्य केलेला काळ मोजला तर तो साडेदहा महिन्यांचा भरतो. त्यानंतर रामराजे सत्तावीस वर्षे जगले आणि अखेरपर्यंत छत्रपती म्हणवले गेले, ही गोष्ट वेगळी.

रघूजींना शंका यायला जागा होती. विशी ओलांडलेला हा तरुण तोवर कुणी पाहिलेलाच नव्हता. शाहू महाराजांच्या अखेरच्या दिवसांत, वारस कोण हा प्रश्न साऱ्या दरबाराला छळत असताना, ताराबाईंनी एकाएकी सांगितले की माझा नातू जिवंत आहे. तळबीडच्या हंबीरराव मोहित्यांची ही लेक. १७०० साली सिंहगडावर राजाराम महाराज वारले तेव्हा ती पंचविशीत होती, आणि पुढची सात वर्षे औरंगजेबाशी झुंज तिनेच चालवली. १७०७ मध्ये शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून आले, खेडच्या लढाईत ताराबाईंच्या फौजेचा मोड झाला, सातारा हातचे गेले. त्यांनी कोल्हापूर-पन्हाळ्याला दुसरी गादी मांडली. १७१४ मध्ये सवतीने, राजसबाईंनी, तीही उलथवली. राजसबाईंचा मुलगा संभाजी गादीवर आला आणि ताराबाई व त्यांचा मुलगा शिवाजी पन्हाळ्यावर अटकेत पडले. तिथेच तो मुलगा वारला.

ताराबाईंचे म्हणणे असे की या शिवाजीला मुलगा झाला होता, सवतीच्या भीतीने तो तान्हेपणीच गुपचूप पन्हाळ्याबाहेर काढला, बावड्याच्या अमात्यांना हे ठाऊक होते, आणि पोर शेवटी बार्शीजवळच्या पानगावला आपल्या बहिणीकडे, दर्याबाई निंबाळकरांकडे, वाढले. गोष्ट अविश्वसनीय नाही. पन्हाळ्यावर जे चालले होते ते पाहता पोर लपवले नसते तर तेच नवल. पण जी गोष्ट लपवण्यासाठी रचलेली असते तिला साक्षीदार थोडे असतात, आणि जे असतात ते सगळे एकाच बाजूचे असतात.

शाहू महाराजांपुढे दुसरा वारस होता तो कोल्हापूरचा संभाजी. त्याच्याशी भांडण कधीच मिटले होते. १७३१ च्या सुरुवातीला कराडजवळ जखिणवाडीला दोघे चुलतभाऊ भेटले आणि १३ एप्रिलला वारणेचा तह झाला. हरिपूरला, आजच्या सांगलीला खेटून, जिथे वारणा कृष्णेला मिळते, तिथून दक्षिणेचा मुलूख कोल्हापूरचा. शिराळा-वाळव्यापासून मिरज प्रांतापर्यंतचा उत्तरेकडचा साताऱ्याचा. मिरजेचा किल्ला तेव्हा अजून मोगलांकडेच होता, तो घ्यायला १७३९ उजाडले. सांगली जिल्ह्याची दक्षिण शीव आज जिथून जाते ती रेघ बरीचशी त्या तहाचीच. या तहाच्या आगेमागेच ताराबाई साताऱ्यात येऊन राहिल्या. दोन गाद्या असूच नयेत असे वाटले असते तर शाहूंना संभाजीला दत्तक घेऊन नदीची रेघ पुसता आली असती. थोरल्या राणी सकवारबाईंचा ओढा तिकडेच होता. पण महाराजांनी शेवटच्या आजारात स्वहस्ते लिहून पेशव्याला दोन चिठ्ठ्या दिल्या. त्यांचा आशय इतकाच, की राज्याचा भार तुम्ही चालवा, वंशातला जो होईल त्याच्या आज्ञेत राहा, पण कोल्हापूरचा नको. १५ डिसेंबर १७४९ रोजी महाराज गेले. सकवारबाई माहुलीला सती गेल्या. स्वखुशीने गेल्या की जायला लावल्या, यावर मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफने जे लिहिले आहे ते पेशव्यांच्या चाहत्यांना रुचत नाही. त्या जिवंत राहणे पेशवे नानासाहेबांना परवडणारे नव्हते आणि ताराबाईंनाही नव्हते, एवढे मात्र उघड आहे. रामराजांचा रस्ता त्या चितेवरून गेला.

खऱ्याखोट्या राजपुत्राच्या अशाच एका गोष्टीसाठी इथे थोडे दूर जायला हवे, थेट इराणात, आणि तेही सव्वादोन हजार वर्षे मागे.

सायरसने उभ्या केलेल्या पारसी साम्राज्याची गादी त्याच्या मागून मुलाकडे, कंबुजियाकडे, आली. तो इजिप्त जिंकायला गेला आणि तिकडेच गुंतला. इसवी सनापूर्वी ५२२ च्या मार्चमध्ये मागे एक माणूस उठला आणि म्हणाला, मी सायरसचा धाकटा मुलगा, बर्दिया. साम्राज्याने त्याला मानले. त्याने तीन वर्षांचा कर आणि लष्करी सेवेची सक्ती माफ केली असे हिरोडोटस सांगतो. कंबुजिय परतीच्या वाटेवर मेला. सप्टेंबरच्या अखेरीस दरायस आणि त्याचे सहा साथीदार मीडियातल्या एका गढीत शिरले, त्यांनी त्या राजाला ठार केले आणि दरायस गादीवर बसला. मग त्याने केरमानशाहजवळच्या बेहिस्तूनच्या कड्यावर तीन भाषांत आपली बाजू कोरून ठेवली: खऱ्या बर्दियाला कंबुजियाने आधीच गुपचूप मारले होते, लोकांना ते ठाऊक नव्हते, मी मारला तो गौमात नावाचा, ‘मग’ वर्गातला एक पुरोहित, बर्दियाचे सोंग घेतलेला. शिल्पात तो गौमात उताणा पडला आहे आणि दरायसचा पाय त्याच्या छातीवर आहे. समोर माना बांधलेले बाकीचे बंडखोर रांगेत उभे आहेत. सात महिन्यांच्या या राजाविषयी आपल्याला जे कळते त्यातले बहुतेक त्याला मारणाऱ्यानेच सांगितलेले आहे. हिरोडोटस त्यात मसाला घालतो. म्हणे त्या तोतयाचे कान पूर्वी कापलेले होते, आणि जनानखान्यातल्या एका बायकोने रात्री तो झोपला असता चाचपून ते ओळखले. आजचे अनेक अभ्यासक विचारतात, मेला तो खराच बर्दिया असेल तर? तसे असेल तर दरायस हा सायरसच्या मुलाचा खुनी ठरतो, आणि एवढा मोठा कडा कोरून घेण्याची गरजही समजते. खरेपणाबद्दल खात्री असलेला राजा एका वर्षात एकोणीस लढाया करून नऊ राजे पकडल्याचा हिशेब डोंगरावर लिहीत बसत नाही, असे मला वाटते.

बाबिलोनच्या सावकारांना यातले काहीच सोयरसुतक नव्हते. त्या सात महिन्यांतले मातीच्या विटांवरचे दस्त सापडले आहेत आणि त्यांवर मिती आहे बर्दियाच्या राज्याची. व्यवहाराला सालावर घालायला एक राजा लागतो. तो खरा की खोटा हे कर्ज फिटेपर्यंत तरी कुणी विचारत नाही. आणि जाता जाता: बेहिस्तूनचा लेख कड्यावर चढून उतरवून घेणारा हेन्री रॉलिन्सन हा कंपनीच्या मुंबई लष्करातला अंमलदार. १८२७ मध्ये तो मुंबईला उतरला तेव्हा साताऱ्यात प्रतापसिंह महाराजांचे राज्य होते. म्हणजे ज्याला आजीने खोटे ठरवले त्याच्या दत्तकपुत्राच्या मुलाचे.

साताऱ्याकडे परत येऊ. रामराजांच्या बाबतीत दरायसही नव्हता आणि गौमातही. इथे राजा घडवणारी आणि मोडणारी व्यक्ती एकच होती, पंचाहत्तरीची आजी.

ताराबाईंचा हिशेब सरळ होता. नातू गादीवर बसेल, कारभार आपण करू, आणि पुण्याच्या ब्राह्मणाला त्याची जागा दाखवू. १७५० मध्येच पतीच्या समाधीच्या दर्शनाच्या निमित्ताने त्या सिंहगडावर जाऊन बसल्या आणि पंत सचिवाला आपल्या बाजूला वळवू लागल्या. नानासाहेबांनी मोठ्या आर्जवाने त्यांना पुण्याला नेले, मानपान केला, कारभारात त्यांचा शब्द राहील असे भासवले. तिकडे प्रतिनिधींचा मुतालिक यमाजी शिवदेव सांगोल्याची गढी धरून बसला होता. त्याला वठणीवर आणायला पेशव्याचे चुलतभाऊ सदाशिवरावभाऊ निघाले आणि रामराजांना सोबत घेऊन गेले. सांगोल्याच्या त्या छावणीत, सप्टेंबर १७५० मध्ये, रामराजांनी कागदावर शिक्का उठवला. राज्याचा सगळा कारभार पेशव्याने करावा, राजाने त्याला संमती द्यावी, राजाच्या खर्चाला साताऱ्याभोवतीचा थोडा मुलूख राहावा. शिवाजी महाराजांनी स्थापलेल्या गादीची सत्ता पुण्याला गेली ती या करारान्वये, आणि त्यासाठी एक गोळीही झाडावी लागली नाही. यमाजी तर आधीच शरण आला होता.

रामराजांना दुबळे म्हणून सोडून देणे सोपे आहे. पण पानगावात निंबाळकरांच्या वाड्यात वाढलेला, ना शिकवलेला ना सरावलेला तरुण, नऊ महिन्यांपूर्वी गादीवर आलेला, भोवती भाऊंची फौज. एका बाजूला आजी, जिला राज्य करायचे होते. दुसऱ्या बाजूला पेशवा, जो करतच होता. त्याने जो करीत होता त्याची बाजू घेतली. कुणाही मुत्सद्द्याने तेच सांगितले असते.

साताऱ्याला परतल्यावर ताराबाईंनी त्याला पुन्हा एकदा वळवून पाहिले. तो बधला नाही. मग मार्गशीर्षातली चंपाषष्ठी आली. खंडोबाचे सहा दिवसांचे नवरात्र या दिवशी उठते, वांग्याचे भरीत आणि रोडग्याचा नैवेद्य होतो, आणि सातारा भागात, कराडजवळच्या पालीच्या खंडोबामुळे, या दैवताचे प्रस्थ मोठे. नातवाला सणाचे बोलावणे आजीकडून आले तर त्यात संशय घेण्यासारखे काय? रामराजे रंगमहालातून गडावर गेले ते परत उतरलेच नाहीत. दरवाजे बंद झाले. ताराबाईंनी शहरातल्या पेशव्याच्या माणसांच्या वस्तीवर गडावरून तोफा डागायला लावल्या. राजाला ओलसर दगडी कोठडीत ठेवले, जाडेभरडे धान्य खायला दिले असे डफ लिहितो.

आणि मग ती घोषणा. तान्ह्या पोराला लपवण्यासाठी ज्या गोंधळ्यांच्या हाती दिले होते तिथे पोर बदलले गेले. भोसल्यांचे रक्त यात नाही. अन्नाची खोटी शपथ घेतली त्याचे मी कृष्णाकाठी प्रायश्चित्त घेईन. गोंधळी कशासाठी, हेही पाहण्यासारखे आहे. गोंधळी घरोघर जातो, गावोगाव जातो, देवीचे नाव घेऊन राजवाड्यातही जातो. तान्हे मूल पन्हाळ्यातून काढायचे तर याहून चांगला वाहक मिळाला नसता. ताराबाईंच्या पहिल्या गोष्टीतला सगळ्यात पटण्यासारखा दुवा तोच होता, आणि दुसऱ्या गोष्टीत त्यांनी त्याच दुव्यावर घाव घातला.

नातू खरा होता की खोटा? माझे मत विचाराल तर खरा. रघूजींसमोर शपथ घेताना ताराबाईंना त्याच्याकडून काही अपेक्षा होत्या, म्हणून ती साक्ष हेतूची म्हणता येईल. पण नाकारतानाही हेतू होताच, आणि तो अधिक कडवा होता. पेशव्याच्या कह्यात गेलेला छत्रपती आपल्याला मोडता येत नसेल तर त्याचे छत्रपतीपणच काढून घ्यायचे. सांगोल्याच्या कागदाला त्यामुळे किंमत उरली नसती. गोंधळ्याच्या मुलाने केलेला करार कुणावर बंधनकारक? खोटा म्हणण्याचे कारण सांगोल्यानंतर जन्मले, आधी नव्हते. पानगावच्या दर्याबाईंनी भाऊ म्हणून वाढवलेला मुलगा आजीला दहा महिने नातू वाटतो आणि अकराव्या महिन्यात वाटत नाही, याचे उत्तर रक्तात शोधायला नको.

नानासाहेब निजामाच्या राज्यातल्या वारसातंट्यात गुंतलेले, औरंगाबादेकडे. ताराबाईंनी गुजरातेतून उमाबाई दाभाड्यांच्या मदतीने दमाजी गायकवाडाला बोलावले. पंधरा हजार फौजेनिशी तो साल्पे घाटाने उतरला, निंबाजवळ त्याने पेशव्याच्या सरदारांना मागे रेटले आणि ताराबाई त्याच्या भेटीला गडाखाली आल्या. आसपासचे किल्ले त्यांच्याकडे येऊ लागले. महिनाभर असे वाटले की सातारा पुण्याला परत घेईल. पण पेशव्यांचे सरदार सावरले, वेण्णेकाठी दमाजीचा मोड झाला, जोरच्या खोऱ्यात तो कोंडला गेला, आणि एप्रिल १७५१ च्या अखेरीस नानासाहेब स्वतः लांबलांब मजला मारीत साताऱ्यात पोचले. तहाची बोलणी चालू असतानाच छावणीवर छापा घालून दमाजीला पकडले. दिलेला शब्द मोडून केलेली ही गोष्ट नानासाहेबांच्या नावावर राहिली. दमाजी पुढे पेशव्याला डाव्या हाताने मुजरा करी अशी आख्यायिका आहे.

आता गड घ्यायला किती वेळ लागणार होता? गडावरच्या शिबंदीतही चलबिचल झाली. आनंदराव जाधवाने रामराजांना सोडवण्याचा घाट घातला. ताराबाईंना कळताच त्यांनी त्याचे डोके उडवले. एवढे होऊनही नानासाहेबांनी हल्ला केला नाही. त्यांनी वेढा ढिला ठेवला, बोलणी लांबवली आणि पुण्याला निघून गेले. राजाच्या जिवाला धोका नको, हे कारण सांगायला चांगले होते. पण खरे कारण त्याहून थंड डोक्याचे असावे. मोकळा छत्रपती आज सांगोल्याचा करार करतो, उद्या मोडूही शकतो. आजीच्या कैदेतला छत्रपती काहीच मोडू शकत नाही, आणि त्याला कैदेत ठेवल्याचा दोषही पेशव्यावर येत नाही.

१४ सप्टेंबर १७५२ रोजी जेजुरीला, खंडोबाच्या देवळात, ताराबाई आणि नानासाहेबांनी भंडारा उचलून एकमेकांना वचने दिली. ज्या देवाच्या सणाला नातू पकडला त्याच देवासमोर ताराबाईंनी पुन्हा शपथ घेतली: रामराजा माझा नातू नव्हे. पेशव्याने ते ऐकून घेतले. आणि मग? खोटा ठरलेला राजा काढून दुसरा बसवायचा, हे ओघानेच आले असते. कोल्हापूरला संभाजी जिवंत होता, भोसल्यांच्या इतर शाखा होत्या. पेशव्याने कुणालाही बसवले नाही. ज्याच्याविषयी आजीने देवळात शपथेवर खोटा असे सांगितले तोच छत्रपती ठेवला, आणि तोही तिच्याच ताब्यात. दरायसला तोतया मेलेला हवा होता. नानासाहेबांना तो जिवंत, गडावर आणि थोडासा संशयित असाच हवा होता. सनदा त्याच्या नावाने सुटत राहिल्या, मुद्रा चालू राहिली. बाबिलोनच्या विटांवर बर्दियाचे साल होते तसे इथल्या दस्तांवर छत्रपतींचे नाव होते.

पानिपतानंतर सहा महिन्यांच्या आत, जून १७६१ मध्ये, नानासाहेब पर्वतीवर वारले. पेशवाईची वस्त्रे साताऱ्याहूनच आणायची रीत होती, म्हणून सोळा वर्षांच्या माधवरावांची वस्त्रे आली तीही गडावर अटकेत असलेल्या छत्रपतींकडून. त्याच वर्षी ९ डिसेंबरला ताराबाई गेल्या, शहाऐंशी वर्षांच्या होऊन. त्यांची समाधी संगम माहुलीला कृष्णेच्या पात्रात आहे, सकवारबाई जिथे सती गेल्या त्याच घाटांच्या आसपास. औरंगजेबाशी लढलेल्या या बाईबद्दल महाराष्ट्राला जे प्रेम आहे ते योग्यच आहे. पण साताऱ्यातली तिची शेवटची अकरा वर्षे त्या प्रेमात बसत नाहीत, म्हणून पुस्तकातून ती पाने भरभर उलटली जातात.

१७६३ मध्ये माधवरावांनी रामराजांना कोठडीतून बाहेर काढले. गडाखाली शहरात राहण्याची मुभा मिळाली, नेमणूक ठरली. सत्ता मिळाली नाही, ती कुणी मागितलीही नाही. पुढच्या वर्षांत पुण्याने स्वतःचा एक तोतया पाहिला. पानिपतावर हरवलेले सदाशिवरावभाऊ आपणच, असे म्हणणाऱ्या एका माणसाने कोकणातले किल्ले घेतले, लोक त्याच्यामागे धावले, आणि डिसेंबर १७७६ मध्ये त्याला देहान्त शासन झाले. सांगोल्याला रामराजांकडून शिक्का उठवून घेणारे तेच हे भाऊ. त्यांच्या नावाच्या तोतयाला मारून टाकणे पुणे दरबाराला भाग पडले, कारण तो खरा मानला गेला असता तर कारभाऱ्यांना घरी बसावे लागले असते. साताऱ्यात ज्याला तोतया म्हटले गेले त्याच्या हाती काहीच नव्हते, म्हणून तो आपल्या वाड्यात सुखरूप होता.

रामराजांना मुलगा नव्हता. १७७७ मध्ये त्यांनी वावीच्या भोसल्यांपैकी एक मुलगा दत्तक घेतला, त्याचे नाव ठेवले शाहू, आणि त्याच डिसेंबरात ते वारले. ज्याचे स्वतःचे भोसलेपण दोनदा शपथेवर तपासले गेले त्याने निवडलेल्या या मुलाच्या भोसलेपणाविषयी कुणीही काही विचारले नाही. धाकट्या शाहूंच्या मागून प्रतापसिंह आले. १८१८ मध्ये इंग्रजांनी त्यांना पेशव्याच्या हातून सोडवून साताऱ्यात राज्य दिले, रेसिडेंट म्हणून ग्रँट डफला शेजारी बसवले, आणि त्याने सातारच्या दप्तरातूनच रामराजांची ही कहाणी उतरवून १८२६ साली लंडनला छापली. १८४८ च्या एप्रिलमध्ये प्रतापसिंहांच्या मागून गादीवर आलेले त्यांचे भाऊ शहाजी ऊर्फ अप्पासाहेब निपुत्रिक वारले. मरताना त्यांनी दत्तक घेतला होता. डलहौसीने तो नामंजूर केला आणि सातारा खालसा झाले.